टेबल, काठ्या आणि ओंडका : तिन्हीला एकच ठासणीची रायफल चालेल का?

हर्णैकर

नमस्कार मंडळी. आंब्यासाठी घरी आलोय, जूनच्या पहिल्या आठवड्यात परत इंडियानाला. तिथे नोकरीचं तिसरं वर्ष.

आमच्याकडे वानर-डुकरांसाठी वडिलांची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. दारू, काथ्याची गुडी, छर्रे, परत गुडी आणि केप, हे सगळं लहानपणापासून बघत आलो. त्यामुळे गेल्या सप्टेंबरात इंडियानातल्याच फ्रेंडशिप गावी गेलो तेव्हा पाय निघेना. ठासणीच्या रायफलींच्या तिथल्या राष्ट्रीय संघटनेचं मैदान त्या गावात आहे, जून आणि सप्टेंबरला मोठे सामने भरतात. एका आजोबांनी मला बसवून, काठ्यांच्या कात्रीवर नळी टेकवून पाच बार काढू दिले. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

मला टेकू देऊन मारायच्या तिन्ही प्रकारांत उतरायचंय : टेबलावर वाळूच्या पिशवीवरून, बसून काठ्यांवरून आणि पालथं पडून ओंडक्यावरून. तिथे बहुतेकांकडे प्रत्येकाची वेगळी रायफल दिसली. माझ्याकडे जागा एकीची, पैसेही एकीचेच. काय घेऊ?

सुरमई

वडिलांचीच न्या की. नळी लांब आहे ना?

भंडारपुळेकर

सुरमई, ते जमणार नाही. तो परवाना पिकाच्या राखणीपुरता असतो. आणि आपल्याकडच्या त्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. छर्ऱ्यांना ती उत्तम. 100 यार्डांवर एकाच भोकात गोळ्या पाडायच्या तर नळीत आटे हवेत, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या वळणदार चऱ्या.

हर्णैकर, मी ओहायोत बावीस वर्षं काढली, त्यातली चौदा वर्षं एकाच रायफलीवर हे तिन्ही प्रकार खेळलो. चालते. मात्र टेकूकडे बंदुकीइतकंच लक्ष द्यावं लागतं.

आधी खरेदीचं. गोल गोळी आणि तिच्याभोवती गुंडाळायची चिंधी हेच धरून चाला. गोल गोळीला संथ आटे लागतात, माझ्या नळीत 66 इंचांत एक फेरा होता. लांबट गोळीला फार जलद फेरा लागतो. व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याच्या षटकोनी नळीत तो 20 इंचांत एक होता. 1860 मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजी सामन्यांत राणी व्हिक्टोरियाने 400 यार्डांवर पहिला बार काढला तो याच रायफलीने, यांत्रिक टेकूवर बसवून. नळी देखणी आहे, पण तिच्यात गोल गोळी घालून तुमचं काम होणार नाही. दोन्ही जमतात असं सांगून मधल्याच फेऱ्याची नळी कोणी गळ्यात मारू पाहील, घेऊ नका.

कॅलिबर 50 घ्या, म्हणजे नळीचं भोक अर्ध्या इंचाचं. 45 ची गोळी साधारण 128 ग्रेनची, 50 ची 177 (एक ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम). शंभर यार्डांवर बाजूचा वारा लागला की हा फरक कागदावर दिसतो. वजन दहा-अकरा पौंड. त्याहून जड असेल तर टेबलावर छान बसते, पण काठ्यांवरून दहा बार होईपर्यंत खांदा बोलायला लागतो. नेम धरायला पुढे खुली माशी आणि मागे साधी खाच ठेवा, दुर्बीण नको, कारण जिथे खुलीच सक्तीची तिथे तुम्ही बाद व्हाल. टेबलाच्या खुल्या वर्गात तीस-चाळीस पौंडांची धूडं येतात. त्यांच्या नळीच्या तोंडावर गोळी सरळ आत सारायला वेगळा तुकडा बसवतात. त्यांच्याशी स्पर्धा धरू नका, गोल गोळीच्या वर्गात नाव द्या.

आता टेकू. माझी रायफल टेबलावरून 50 यार्डांवर रुपयाएवढ्या जागेत मारायची. तीच घेऊन पहिल्यांदा ओंडक्याच्या सामन्याला गेलो, 60 यार्डांच्या. पहिले तीन बार लक्ष्यावरच्या फुलीच्या तीन इंच वर. मला वाटलं दारू जास्त पडली. चौथ्याला पाच ग्रेन कमी केली तर गोळ्या आणखी पसरल्या. सामना दोरीच्या मापाचा होता, म्हणजे फुलीच्या मध्यापासून प्रत्येक भोकापर्यंतचं अंतर मोजून दहांची बेरीज, सर्वांत कमी तो जिंकला. माझे चार बार वाया गेले ते पुढच्या सहांनी भरून निघाले नाहीत.

चूक टेकूची होती. टेबलावर मी पुढच्या लाकडाखाली, चापाच्या पुढे वीतभरावर मऊ पिशवी ठेवायचो. ओंडक्यावर मात्र उघडी नळीच, तोंडाजवळ, कडक लाकडावर टेकवली होती. आपल्या गोळीला नळीतून बाहेर पडायला काडतुसाच्या रायफलीपेक्षा जास्त वेळ लागतो. गोळी आत असतानाच धक्क्याने नळी हलायला लागते, आणि कडक लाकडावरून ती उसळते. टेकू बदलला की गोळीची जागा बदलते ती यामुळे.

मग मी लाकडावर आणि नळीखाली मेणाच्या पेन्सिलीने तीन खुणा केल्या : टेबल, काठ्या, ओंडका. प्रत्येक टेकूवर वेगळे वीस बार काढले आणि गोळ्या कुठे पडतात ते वहीत लिहिलं. टेबलाला 50 यार्डांवर 55 ग्रेन दारू, 100 ला 70. काठ्यांना तेवढीच, फक्त डावा हात काठ्यांच्या जोडावर आणि नळी हाताच्या मुठीवर, काठीवर नाही. ओंडक्याला माशीला हातच लावला नाही. आमच्याकडे फुली स्वतःच्या फळीवर काढायची आणि नेमाचा कागद हवा तिथे लावायची मुभा होती. मी कागद तीन इंच खाली लावायचो, गोळी फुलीवर. तुमच्या मैदानाचा नियम आधी वाचा, असली मुभा सगळीकडे नसते.

खाजणातला

अमेरिकेच्या 1968 च्या केंद्रीय बंदूक कायद्यात ठासणीच्या काळ्या दारूच्या रायफली बहुतांशी जुन्या वस्तूंत धरल्या जातात. राज्यांचे कायदे निराळे असतात, व्हिसावर असाल तर आधी ते नीट तपासा.

हर्णैकर

भंडारपुळेकर काका, मनापासून आभार. आजोबांनीही माझा हात काठ्यांच्या जोडावर धरून दाबला होता, ते का हे आत्ता कळलं. बाबांची बंदूक निवडणुकीसाठी पोलीस ठाण्यात जमा आहे, नाहीतर रिकामीच ओटीवर घेऊन बसलो असतो.

अजून एक. बाबा बार झाला की नळी उकळत्या पाण्याने धुऊन खोबरेल लावतात. तिथे तेच चालेल? चिंधीलाही?

भंडारपुळेकर

उकळतं पाणी अगदी बरोबर, त्यावर दुसरा उपाय नाही. जळलेल्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते. आपल्याकडे एक रात्र तशीच राहिली तर सकाळी गजाला तांबडं लागतं. पण खोबरेल इथेच ठेवा. मी पहिल्या वर्षी आईने दिलेली बाटली नेली होती. ऑक्टोबरात सकाळी मैदानावर ते थिजून पांढरं झालं, चिंधी ताठ. एक गोळी अर्ध्यात अडकली, दुसरी हलकेच गेली, म्हणजे प्रत्येक बार वेगळा. तिथे मेण आणि चरबीचं मलम मिळतं, ते वापरा.

आपल्या दमट हवेत काजळी मऊ राहते, म्हणून दोन-तीन बार न पुसता निघतात. कोरड्या हवेत ती दगडासारखी धरते. प्रत्येक बारानंतर एक ओली आणि एक कोरडी चिंधी, दोन्हींच्या फेऱ्या मोजून सारख्या. तिन्ही प्रकारांत हे सोडू नका.

आणि गोळ्या घरी ओतणार असाल तर एकेक तोला. जी दोन ग्रेनपेक्षा जास्त हलकी भरेल तिच्या पोटात बहुतेक पोकळी असते. ती परत वितळवायच्या भांड्यात.