मदत हवी आहे: दगडी भिंतींच्या घरात मेश वायफाय, वायर ओढावी की ट्राय-बँड घ्यावा?

सोलापूर, जुन्या गावभागातलं माळवदाचं घर. भिंती दगड-मातीच्या, दोन फूट जाड. मागच्या बाजूला स्लॅबचं नवीन बांधकाम, वर एक मजला. फायबर २०० एमबीपीएस.

सध्या ड्युअल-बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) मेशचे, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर एकच वायफाय पसरवणारे, दोन युनिट आहेत. पहिल्याजवळ १८० मिळतात, वरच्या खोलीत दुसऱ्याजवळ जेमतेम २५. दुसऱ्या युनिटला पहिल्याकडून मिळणारा सिग्नल उणे ७८ डीबीएम (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला), म्हणजे अडचण मोबाइलची नाही, दोन युनिटमधल्या दुव्याची आहे. तो दुवा आणि मोबाइल एकच ५ गिगाहर्ट्झ रेडिओ वाटून घेतात, त्यामुळे उरलेला वेगही निम्मा होतो. ट्राय-बँडमध्ये दुव्यासाठी तिसरा, वेगळा रेडिओ मिळतो. दुसरं युनिट जिन्यात, दार उघडं ठेवून लावलं की सिग्नल उणे ६४ आणि वेग ९० होतो. पण तिथे प्लगच नाही.

माझा कल वायरकडे आहे. अंदाजे २५ मीटर कॅट-६ नेटवर्क केबल, पूर्ण तांब्याची, बाहेरच्या भिंतीवरून. आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा बघता घरातली साधी केबल बाहेर टिकणार नाही. काळ्या आवरणाची आउटडोअर केबल पीव्हीसी पाइपातून न्यावी, की पाइपाशिवाय चालेल? सध्याच्या दुसऱ्या युनिटचा पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचा आहे, म्हणजे गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टचं नवीन घ्यावंच लागेल.

दुसरं, फायबरचा डबा आणि मेश दोघेही राउटर बनून बसलेत. डबा ब्रिज मोडवर टाकावा (राउटरचं काम मेशकडे), की मेशच ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवावा (राउटर डबाच, मेश फक्त वायफायपुरता)? फोन वायफायवरच चालतो, तो बंद पडायला नको.

अशा भिंतींत ट्राय-बँड वायरशिवाय कुणाकडे नीट चालतोय का? असेल तर कृपया दुव्याचा डीबीएम आकडा सांगा.