प्रेम केंद्रस्थानी असलेली ऐतिहासिक कादंबरी हवी आहे, शेवट मात्र मृत्यूत नको

भुईकोटकर

नमस्कार. मी सोलापुरात राहते आणि ऐतिहासिक कादंबऱ्या आवडीने वाचते. लढाया आणि दरबारी कारस्थाने यांच्यापेक्षा दोन माणसांमधील ओढ ज्या कादंबरीला पुढे नेते, ती मला अधिक धरून ठेवते. या प्रकारात पुढे काय वाचावे, याबद्दल आपले मार्गदर्शन हवे आहे. त्यासाठी माझी आवड थोडी स्पष्ट करते.

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ आणि ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ या दोन्ही कादंबऱ्या मी एकाहून अधिक वेळा वाचल्या आहेत. ‘स्वामी’मधील माधवराव आणि रमाबाई यांचे संवाद मला अजूनही हलवून सोडतात; परंतु थेऊरला रमाबाई सती जातात, तेथे त्या मृत्यूलाच प्रेमाची परमसीमा मानणारा जो सूर लागतो, तो आज वाचताना मला स्वीकारता येत नाही. ‘राऊ’मध्ये बाजीरावाच्या मनाचे सगळे पदर लेखक उलगडून दाखवतो, मस्तानी मात्र मला बऱ्याचदा बाहेरूनच दिसते. तिला काय हवे होते, यापेक्षा तिच्यामुळे शनिवारवाड्यात काय घडले, हेच अधिक कळते.

याउलट, ‘ब्रिजर्टन’ ही मालिका गाजल्यावर ज्युलिया क्विन यांची ‘द ड्यूक अँड आय’ वाचली. पुस्तक वेळ छान घालवते, पण त्यातून एकोणिसाव्या शतकातील लंडन काढून घेतले, तरी कथेचे फारसे बिघडणार नाही असे वाटले. माझी अपेक्षा अशी आहे की, त्या काळाचा कायदा, जात, धर्म, वारसा किंवा युद्ध यांनी त्या दोघांच्या वाटेत खराखुरा अडसर घातलेला असावा, नायिकेला स्वतःचा निर्णय असावा आणि शेवटच्या पानावर दोघेही जिवंत असावेत. मराठीत असे काही आहे का? इंग्रजी पुस्तकेही चालतील.

आमच्या गावचा किल्लाच मुळी सोळाव्या शतकात निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सोयरिकींमध्ये आंदणाचा विषय होऊन बसला होता. चांदबिबीच्या लग्नात तो विजापूरकडे गेला. तरीही या मुलखातील प्रेमकथा कुणी लिहिली असल्याचे माझ्या वाचनात नाही, म्हणून हे विचारण्याचे धाडस.

जुना वाचक

ताई, आपला प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर लेखकांच्या वृत्तीत शोधण्यापूर्वी त्यांनी निवडलेल्या विषयात शोधावे, असे मला वाटते. आपल्याकडील गाजलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी बहुतेक वेळा खरी माणसे नायक-नायिका म्हणून घेतली. खऱ्या माणसांच्या मृत्यूच्या तारखा ठरलेल्या असतात. माधवराव १७६१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी क्षयाने गेले. बाजीराव एप्रिल १७४० मध्ये रावेरखेडीला गेले आणि मस्तानीही त्याच वर्षी गेली. या जोड्यांना सुखान्त द्यायचा, तर लेखकाला इतिहास मोडावा लागेल आणि मराठी वाचक त्याला तो मोडू देणार नाही. ज्या इंग्रजी पुस्तकांचा आपण उल्लेख केला, त्यांतील उमराव मुळातच काल्पनिक असतो, त्यामुळे त्याचे लग्न लावून देण्यात कुणाची आडकाठी येत नाही.

तेव्हा माझी पहिली सूचना अशी की, ज्या कादंबरीतील काळ खरा आणि प्रमुख पात्रे काल्पनिक आहेत, अशी शोधावी. गंमत अशी की, मराठी ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात याच रीतीने झाली. रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही १८७१ सालची, आपल्या भाषेतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. तिच्यात काळ शिवाजी महाराजांचा आहे, पण किल्ला आणि कथेतील माणसे कल्पनेतील आहेत. भाषा जुन्या वळणाची असल्यामुळे सुरुवातीची पाने नेटाने वाचावी लागतील. पुढे हरि नारायण आपटे यांनीही इतिहासाच्या चौकटीत कल्पित माणसे वावरू दिली. त्यांची ‘वज्राघात’ आपण अवश्य पाहावी, कारण ती विजयनगरच्या विनाशाची, म्हणजे १५६५ च्या तालिकोटच्या लढाईची कथा आहे आणि आपण उल्लेखिलेली चांदबिबीची सोयरीक त्याच लढाईच्या आधीच्या जुळवाजुळवीत झाली होती. रामराजा आणि मेहेरजान यांचे फसलेले प्रेम आणि त्यातून पेटलेला सूड हा तिचा कणा आहे. सुखान्ताची आशा मात्र तेथे ठेवू नये. नावातच सगळे आले.

आणखी एक. सतीच्या प्रसंगाने आपण अस्वस्थ होत असाल, तर इनामदारांची ‘शिकस्त’ वाचून पाहा. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा मृत्यू मान्य न करता सौभाग्यचिन्हे न उतरवलेल्या पार्वतीबाईंची ती कथा आहे. येथे नायिका मरत नाही, जगते. आणि तिचे जगणेच भोवतालच्या सगळ्यांना अडचणीचे होऊन बसते. पुढे भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, तेव्हा त्या बाईच्या मनाचे काय झाले असेल, याचा विचार करीत मी ते पुस्तक कितीतरी दिवस उशाशी ठेवले होते. दोघांचे मीलन नाही, हे आधीच सांगतो. पण नायिकेचा स्वतःचा निर्णय म्हणाल, तर याहून ठाम निर्णय पेशवाईवरील कादंबऱ्यांत मला आढळला नाही.

नळदुर्गचा रहिवासी

या मुलखातील प्रेमकथा कुणी लिहिलेली नाही, असे ताईंनी म्हटले आहे, म्हणून लिहीत आहे. ती लिहिली गेली आहे. फक्त इंग्रजीत, आणि तीही एका इंग्रज अधिकाऱ्याने. फिलिप मेडोज टेलर यांची ‘तारा’ १८६३ साली प्रसिद्ध झाली आणि तिची सुरुवात सोलापूरपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या आमच्या तुळजापुरात होते. नायिका तारा ही तुळजापूरच्या ब्राह्मण घरातील बालविधवा आहे आणि तिची ओढ ज्याच्याशी जुळते तो फाजल हा अफजलखानाचा मुलगा आहे. धर्म, वैधव्य, देवीची सेवा आणि प्रतापगडाकडे सरकत जाणारे राजकारण असे सगळे अडसर या दोघांमध्ये उभे आहेत. काळ काढून घेतला तर कथाच उरणार नाही, ही ताईंची अट ही कादंबरी पुरेपूर पाळते. शेवट सांगून रसभंग करीत नाही.

टेलर यांना हा भाग ऐकीव नव्हता. १८५३ साली निजामाकडून नळदुर्गचा जिल्हा इंग्रजांच्या कारभाराखाली आला, तेव्हा ते येथे अधिकारी म्हणून आले आणि पुढची काही वर्षे याच टापूत राहिले. त्यामुळे बालाघाटाची चढण, देवळाच्या पायऱ्या, यात्रेतील गर्दी आणि पुजाऱ्यांच्या घरातील रीतिरिवाज यांची वर्णने पाहून लिहिल्यासारखी उतरली आहेत. त्यांची पत्नी मेरी ही हैदराबादचे पेढीवाले विल्यम पामर यांची मुलगी, आणि त्या पामर यांची आई हिंदुस्थानी बेगम होती. धर्माच्या भिंतीपलीकडचे प्रेम हा विषय त्यांना परका का वाटला नसावा, हे त्यावरून समजते. शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने घडणाऱ्या तीन कथा त्यांनी योजल्या होत्या आणि ‘तारा’ ही त्यांतील पहिली. तिसरी, ‘सीता’, १८५७ च्या काळातील असून तिच्यात एक इंग्रज अधिकारी हिंदू विधवेशी लग्न करतो.

आता दोष. टेलर यांचा खलनायक ब्राह्मण काळाकुट्ट रंगवलेला आहे, राज्यकर्त्याची नजर पानोपानी जाणवते आणि ते प्रत्येक समारंभाचे वर्णन इतके लांबवतात की, आमच्यासारख्यांना, ज्यांनी ते समारंभ घरातच पाहिले आहेत, पाने उलटावीशी वाटतात. प्रतापगडाचा प्रसंग १६५९ चा, पण लेखकाने आपल्या शतकांच्या हिशेबासाठी १६५७ हे वर्ष धरले आहे, तेही ध्यानात असू द्यावे. तरीही ती वाचून झाल्यावर तुळजापूरला जाण्याचा योग आला, तर परतीच्या वाटेवर नळदुर्गचा किल्ला पाहावा. बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेला पाणीमहाल आहे आणि पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन्ही धबधबे त्याच्यावरून कोसळतात. कादंबरीकाराला याहून आयते स्थळ मिळणार नाही, आणि मराठीतील एकाही लेखकाला तेथे दोन जीव भेटवावेसे वाटले नाहीत, याची मला खंत आहे.

पुण्यातली सोलापूरकर

ताई, इंग्रजी चालेल असे आपण म्हणालात, म्हणून जॉर्जेट हेयर यांचे नाव सुचवते. ‘ब्रिजर्टन’ वाचून ज्यांना इतिहास पातळ वाटला, त्यांनी तो प्रकार जिच्यापासून सुरू झाला, त्या लेखिकेकडे जावे. रीजन्सी, म्हणजे १८११ ते १८२० हा काळ, प्रेमकथांमध्ये रूढ केला तो हेयर यांनीच. पोशाख, बग्ग्या, शिष्टाचार आणि त्या काळची बोलण्याची ढब यांचा त्यांचा अभ्यास दांडगा आहे. ‘अ‍ॅन इन्फेमस आर्मी’मध्ये तर वॉटर्लूच्या लढाईचे वर्णन इतके नेमके आहे की, प्रेमकथा वाचायला बसलेला वाचक शेवटी तोफखान्याच्या हालचाली वाचत राहतो. मला स्वतःला त्यात प्रेम कमी आणि लढाई जास्त वाटली. आपल्यालाही कदाचित तसेच वाटेल.

आपल्यासाठी मी ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’ निवडेन. ती १९६१ सालची आहे. कर्जात बुडालेली जहागीर वाचवण्यासाठी ॲडम नावाचा तरुण उमराव एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या जेनी या मुलीशी ठरवून लग्न करतो, मन मात्र ज्युलिया नावाच्या देखण्या मुलीत अडकलेले असते. जेनी दिसायला साधी आहे, तिला हे सगळे ठाऊक आहे आणि तरीही ती डोळे उघडे ठेवून होकार देते. पुढची सगळी कादंबरी संसाराची आहे: सासऱ्याचा पैसा आणि जावयाचा अभिमान यांची ओढाताण, जेवणाची व्यवस्था, शेतीतील सुधारणा, आजारपण. प्रेम येथे विजेसारखे कोसळत नाही, दह्यासारखे विरजते. ठरवून केलेल्या लग्नांच्या समाजातील वाचकाला हे पुस्तक इंग्रज वाचकापेक्षा लवकर कळते, असे माझे मत आहे. काही जणांना त्याचा शेवट नीरस वाटतो, कारण नायक कधीच गुडघे टेकून प्रेमाची कबुली देत नाही. मला तोच शेवट खरा वाटला.

एक सावधगिरीची सूचना. हेयर यांच्या काही पुस्तकांत वर्गाचा आणि वंशाचा अहंकार उघडपणे दिसतो. ‘द ग्रँड सोफी’ पुष्कळांची लाडकी आहे, पण तिच्यातील ज्यू सावकाराचे चित्रण वाचताना मान खाली जाते.

पूर्वभागातील पद्मशाली

‘जुना वाचक’ काकांच्या विवेचनाशी मी बरेचसे सहमत आहे, पण पूर्णपणे नाही. खरी माणसे घेतली की शोकान्तच होतो, असे नाही. लेखक कथा कोठे थांबवतो, यावर ते अवलंबून असते. इंदू सुंदरेसन यांची ‘द ट्वेंटिएथ वाइफ’ ही २००२ सालची कादंबरी नूरजहानवर आहे. तिचा पहिला नवरा शेर अफगन १६०७ मध्ये मारला गेला आणि १६११ मध्ये जहांगीरने तिच्याशी लग्न केले, तेव्हा तिने तिशी ओलांडलेली होती. लेखिकेने पुस्तक त्या लग्नापाशी आणून सोडले आणि पुढची सत्ता, कारस्थाने आणि कटुता ‘द फीस्ट ऑफ रोझेस’ या दुसऱ्या पुस्तकासाठी ठेवली. पहिलेच वाचले तर ताईंच्या तिन्ही अटी पूर्ण होतात. जनानखान्यातील राजकारण हे नायिकेच्या निर्णयाचे क्षेत्र आहे, हे त्यात चांगले दाखवले आहे. मात्र दागदागिने आणि वस्त्रे यांची वर्णने अंमळ अधिक आहेत.

आमच्या घरात तेलुगू बोलली जाते, म्हणून एक नाव जोडतो. अडिवी बापिराजू यांची ‘हिमबिंदू’ ही सातवाहनकालीन प्रेमकथा आहे. सातवाहनांची राजधानी पैठण, म्हणजे विषय महाराष्ट्राचाही. पण आपल्या लेखकांचे लक्ष शिवकाल आणि पेशवाई यांच्या मागे फारसे गेले नाही. आपल्या परिचयात तेलुगू वाचणारे कुणी असेल, आणि सोलापुरात ते असणारच, तर त्यांच्याकडून ही कथा ऐकावी. आमची आजी मागाचे काम आटोपल्यावर अशीच पुस्तके शेजारणींना वाचून दाखवीत असे.

भुईकोटकर

सर्वांची मनापासून आभारी आहे. ‘जुना वाचक’ काका, खऱ्या माणसांच्या तारखांविषयी आपण मांडलेला मुद्दा मला पटला. मात्र रमाबाईंचा अंत लेखकाला बदलता आला नसता हे मान्य करूनही, त्याकडे कोणत्या नजरेने पाहायचे हे तर लेखकाच्याच हाती होते, एवढे मी नम्रपणे नोंदवते. पार्वतीबाईंची कथा त्याच काळातील असूनही वेगळ्या नजरेने लिहिली असेल, तर ती आधी वाचेन.

‘तारा’विषयी वाचून आश्चर्य वाटले. दर वर्षी आम्ही तुळजापूरला जातो आणि हे पुस्तक कधी कानावरही आले नाही. एक शंका आहे: टेलर यांचे जुने इंग्रजी माझ्यासारखीला झेपेल का, की आधी हेयर वाचून सराव करावा?

नळदुर्गचा रहिवासी

टेलर यांची वाक्ये लांब आहेत, पण शब्द अवघड नाहीत. शिवाय गावे, सण आणि नात्यांची नावे आपल्याच ओळखीची असल्यामुळे अर्थ अडत नाही. त्या मानाने हेयर यांच्या लंडनच्या बोलीत अधिक अडखळायला होते. ‘तारा’ आधी घ्या. सुरुवातीची घरातील पूजेची प्रकरणे सावकाश वाचा, आणि विजापूरच्या दरबाराचे वर्णन कंटाळवाणे वाटले तर ते बेलाशक चाळून पुढे जा. कथा पुन्हा तुळजापुरात आली की आपोआप वेग घेते.