तालुक्याच्या ऑफिसचा चार्ज मिळतोय, माणसं सांभाळायला कुठे शिकावं?

रानमाळ_सत्तरी
नमस्कार मंडळी. गोव्याच्या नगरनियोजन खात्यात बरीच वर्षं प्लॅनिंग असिस्टंट होतो, आता तालुक्याच्या ऑफिसचा चार्ज येतोय. झोनिंग, एफएआर (प्लॉटवर किती बांधता येतं), सेटबॅक (हद्दीपासून सोडायची जागा) यांची भीती नाही. भीती माणसांची. हाताखालचे ड्राफ्ट्समन माझ्याहून वयाने मोठे, समोर पंच, आर्किटेक्ट, आरटीआयवाले, आणि वरून फोन. व्यवस्थापन-नेतृत्वाचा एखादा कोर्स सुचवा. लांब रजा मिळणार नाही, एमबीए नको.

बांदोडकार७
जिपार्ड, ओल्ड गोवा, म्हणजे सरकारी नोकरांची प्रशिक्षण संस्था. खात्याकडून नाव जाईल असं बघा. आयगॉट कर्मयोगी या सरकारी पोर्टलवरचे छोटे कोर्स घरबसल्या होतात. आयटीपीआयचे (नगरनियोजकांची देशपातळीवरची संस्था) सदस्य नसाल तर व्हा, बाहेरचे नियोजक काय करतात ते तरी कळतं.

जुना_नकाशा
कोर्स जरूर करा. फक्त त्यात 'टीम' म्हणून जे शिकवतात ते आपल्याला अर्धंच लागू पडतं. तुमचं ऐकायला बांधील असलेली माणसं ऑफिसात चार-पाच. बाकी ज्यांच्यावाचून काम अडतं ते पंचायत सचिव, मामलेदार, वनखातं, जलस्रोत खातं, यातलं कोणीच तुमच्या हाताखाली नाही. मी निवृत्त होईपर्यंत एवढंच शिकलो की पत्रावर पत्र पाठवत बसू नये, संयुक्त पाहणी लावावी. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) भराव पडल्याची तक्रार आली की सचिव, जलस्रोतचा इंजिनिअर आणि तिथला शेतकरी यांना एकाच सकाळी बांधावर उभं करायचं. मानशीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) पाणी कसं आत-बाहेर होतं ते शेतकरी दाखवतो, आणि पंचनाम्यावर सगळ्यांच्या सह्या तिथल्या तिथे होतात.

दुसरं, ग्रामसभा. कलम वाचून दाखवायला उभे राहिलात तर संपलात. रविवारच्या सभेआधी नकाशा वाड्यावाड्यावर न्या, मोठ्या प्रमाणातला, सर्वे नंबर नुसत्या डोळ्यांनी वाचता येतील असा. २००६ मध्ये अधिसूचित झालेला 'प्रादेशिक आराखडा २०११' (गोव्यातल्या जमीन वापराचा) लोकांच्या रेट्यामुळे २००७ मध्ये मागे घ्यावा लागला, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढे २०२१ च्या आराखड्याच्या वेळी मसुदे गावांकडे गेले, सूचना मागवल्या. भांडणं तेव्हाही झाली. पण माणूस स्वतःच्या सर्वे नंबरावर बोट ठेवून भांडला तर त्याला उत्तर देता येतं.

मोपा_वारा
काका, ऐकायला छान आहे. पण नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) आणि ३९अ खाली एकेका प्लॉटचा झोन वरच्यावर बदलायला निघाल्यावर तालुक्यातल्या माणसाने कसलं नेतृत्व करायचं? १७(२) चे नियम उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केले तेही लोक कोर्टात गेले म्हणून. खात्यातून कोण बोललं?

जुना_नकाशा
प्रश्न रास्त आहे, राग आला नाही. निर्णय तालुक्याचा नसतो. अहवाल मात्र तुमचा असतो, आणि प्रकरण कोर्टात गेलं की तोच कागद बाहेर येतो. पाहिलेलं आणि वाटलेलं वेगवेगळं लिहा. उतार किती, ओहोळ कुठून जातो, रस्ता प्रत्यक्षात किती मीटर, एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या हक्कनोंदीवर) कूळ लागलंय का. डोंगरकापणी दिसली तर त्याच कायद्याच्या कलम १७अ ची परवानगी आहे की नाही तेही त्याच दिवशी नोंदवा.

तोंडी आदेशाबद्दल: सरकारी नोकरांचे वर्तणूक नियम १९६४, त्यातला नियम ३ वाचून ठेवा. वरिष्ठांचा तोंडी आदेश लवकरात लवकर लेखी व्हावा असं त्यातच आहे. त्यामुळे फोन आला की 'हो साहेब' म्हणा आणि टिपणीत लिहा, 'दूरध्वनीवरील सूचनेनुसार फाईल सादर, कृपया लेखी पुष्टी व्हावी.' आवाज न चढवता काम होतं. काही सूचना तर त्यानंतर परत येतच नाहीत :)

रानमाळ_सत्तरी
हे लगेच उपयोगी पडेल. आणि वयाने मोठे ड्राफ्ट्समन? एकजण तर मी शाळेत असताना खात्यात लागलेले.

म्हापशेची_इंजिनिअर
मी पालिकेत आहे, खातं वेगळं असलं तरी दुखणं तेच. 'बाब' म्हणून मान द्यायचा, तारखेत सूट द्यायची नाही. चारचौघांत कधी बोलायचं नाही, केबिनमध्ये स्पष्ट बोलायचं. सोमवारी सकाळी सगळ्यांनी मिळून फक्त अडकलेल्या फाईली बघायच्या: कोणाच्या टेबलावर, कशासाठी, कधीपासून. पहिले काही सोमवार कुरकुर होईल. तुमच्या त्या बाबांना पोर्तुगीज काळातले जुने प्लॅन वाचता येत असतील तर नव्या पोरांना त्यांच्या शेजारी बसवा, त्यांनाच शिकवू दे. माझ्याकडे यामुळे एक अत्यंत तिरसट माणूस बराच मवाळ झाला. लोकांची भेटायची वेळही बाहेर पाटीवर लावा, नाहीतर एजंट सकाळी नऊपासून तुमच्या टेबलावर कोपर टेकून उभे.

मोपा_वारा
एजंटांचं अगदी खरं. त्या पाटीवर 'फाईलची स्थिती काउंटरवर विचारा' हेही घाला, आणि काउंटरवर खरंच कोणीतरी बसवा.