जलद डावात नेमके कुठे थांबून विचार करावा? स्वतःचे डाव तपासण्याच्या पद्धतीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार.

गेली दोन वर्षे मी १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीला १० सेकंद वाढीव, या वेळमर्यादेत जलद बुद्धिबळ खेळत आहे. पहिल्या वर्षी खेळ बऱ्यापैकी सुधारला, परंतु गेल्या दहा महिन्यांपासून रेटिंग १४५० ते १५५० यांच्या दरम्यानच खाली-वर होत आहे. रोज अर्धा तास कोडी सोडवतो, ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचा, अभ्यासही नियमित आहे. हा वेळ योग्य जागी लागत नसावा अशी शंका आल्यामुळे जाणकारांचे मत विचारत आहे.

पूर्वी डाव संपताच मी इंजिन (चालींचे विश्लेषण करणारा संगणक प्रोग्राम) सुरू करून फक्त मोठ्या चुका पाहत असे आणि लगेच पुढच्या डावाला बसत असे. दोन महिन्यांपूर्वी ही पद्धत बदलली. आता इंजिनला हात लावण्यापूर्वी हरलेला डाव पुन्हा पटावर मांडतो आणि कोणत्या चालीच्या वेळी मनात शंका होती, तेव्हा आणखी कोणत्या चाली विचारात घेतल्या होत्या आणि त्या चालीवर घड्याळातला किती वेळ खर्च झाला, हे वहीत लिहून काढतो. अशा रीतीने २२ डाव तपासले. त्यांपैकी १३ डावांत निर्णायक चूक ही १० सेकंदांच्या आत केलेली चाल होती, आणि त्या वेळी माझ्याकडे ५ मिनिटांहून अधिक वेळ शिल्लक होता. ओपनिंगमुळे हरलेले डाव दोनच निघाले. आपण वेळ अपुरा पडल्यामुळे हरतो, असे मी इतके दिवस धरून चाललो होतो.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण माझी अडचण त्यातच सर्वांत स्पष्ट दिसते. माझी मोहरी काळी होती, दोघांकडे एकेक हत्ती उरला होता आणि पांढऱ्याकडे एक प्यादे जास्त होते. हत्ती पटावरून गेले की डाव आपोआप बरोबरीत सुटेल, असे समजून मी ६ सेकंदांत ई५ या घरावर त्याचा हत्ती मारला आणि त्याच्या राजाने माझा हत्ती मारला. आता पांढरा राजा ई५ वर, त्याचे प्यादे ई४ वर, माझा राजा ई७ वर आणि चाल माझी, अशी स्थिती होती. हीच स्थिती पांढऱ्याच्या चालीची असती तर डाव बरोबरीत सुटला असता, कारण त्याचा राजा ज्या बाजूला सरकेल त्याच्या समोर मला राजा आणता आला असता. चाल माझी असल्यामुळे मला वाट सोडावी लागली: मी डी७ वर गेलो, तो एफ६ वर आला, मी ई८ वर परतलो आणि तो ई६ वर आला. प्याद्याच्या पुढे राहून राजा सहाव्या ओळीत पोहोचला की, प्यादे कडेच्या पट्टीतले नसेल तर, चाल कोणाचीही असो, ते वजीर होतेच. राजांच्या समोरासमोर येण्याचा हा नियम मला कित्येक वर्षांपासून माहीत आहे. हत्ती मारण्यापूर्वी तो आठवण्याची गरज आहे, हे मात्र त्या क्षणी जाणवले नाही.

कोडे समोर आले की येथे काहीतरी दडलेले आहे हे आधीच ठाऊक असते. प्रत्यक्ष डावात अशी सूचना कोणी देत नाही, आणि माझ्या सरावात नेमका हाच भाग सुटतो आहे, असे मला वाटते.

सोव्हिएत बुद्धिबळपटू ब्लुमेनफेल्ड यांचा सल्ला असा होता की, ठरवलेली चाल आधी कागदावर लिहावी आणि मग पटाकडे नव्या नजरेने पाहून ती खेळावी. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) सध्याच्या नियमांनुसार चाल खेळण्यापूर्वी लिहिता येत नाही, आणि जलद प्रकारात तर चाली लिहिण्याचे बंधनच नाही; तेव्हा ही सवय मनातल्या मनात कशी लावावी, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न असा की, जिंकलेले डावही इतक्याच बारकाईने तपासावेत का? एका डावाच्या तपासणीला मला सुमारे ४० मिनिटे लागतात, त्यामुळे दोन्ही करायचे तर खेळणे कमी करावे लागेल. स्वतःच्या डावांचे विश्लेषण लिहून ते इतरांच्या टीकेसाठी प्रसिद्ध करावे, असा माजी विश्वविजेते बोट्विनिक यांचा आग्रह होता. त्याच भावनेने हे येथे मांडले आहे. मतभेद असल्यास मोकळेपणाने सांगावेत.

प्रतिसाद

तुमची नोंदवही योग्य मार्गावर आहे, म्हणून तिच्यातूनच पुढचा सराव काढावा असे सुचवतो. त्या १३ चुकांच्या आधीच्या स्थिती वेगळ्या काढा आणि ज्यांत विशेष काही घडलेले नव्हते अशा तेवढ्याच स्थिती तुमच्याच डावांतून घेऊन त्यांत मिसळा. आठवड्यानंतर त्या कोणत्याही क्रमाने समोर ठेवून प्रत्येकीसाठी आधी एवढेच ठरवा की येथे थांबायचे की साधी चाल करून पुढे जायचे. चाल त्यानंतर शोधा.

माझ्या अनुभवात थांबण्याच्या जागा ठरावीक असतात: शेवटचे मोठे मोहरे पटावरून जाणार असेल, प्याद्यांची रचना कायमची बदलणार असेल, राजासमोरचे प्यादे हलवावेसे वाटत असेल किंवा प्रतिस्पर्ध्याने अनपेक्षित चाल केली असेल. तुमचे उदाहरण पहिल्या प्रकारातले आहे. ज्या अदलाबदलीनंतर फक्त राजे आणि प्यादी उरतात, ती अंतिम स्थिती मनात मांडून चाल कोणाची येते हे मोजल्याशिवाय करूच नये.

वेळेचा हिशेबही मांडून पाहा. ४० चालींच्या डावात वाढीव सेकंद धरून तुम्हाला एकूण १३०० सेकंद मिळतात. परिचित ओपनिंगच्या १० चालींना ५० सेकंद आणि नंतरच्या २५ साध्या चालींना प्रत्येकी २० सेकंद दिले, तरी उरलेल्या पाच कठीण चालींसाठी प्रत्येकी दोन मिनिटे देता येतात आणि १५० सेकंद हाताशी राहतात. चाल मनात ठरली की मोहऱ्याला हात लावण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याचे सर्व शह आणि सर्व मारे एकदा पाहणे, एवढी एकच सवय सुरुवातीला लावावी.

जिंकलेल्या डावांपैकी मी फक्त तेच तपासतो, ज्यांत मध्येच माझी स्थिती बिघडली होती. त्यासाठी आठवड्याचे डाव कमी करावे लागले तर जरूर करावेत. त्या १३ डावांपैकी एखादा, प्रत्येक चालीच्या वेळेसह, येथे द्या. तुम्ही कोठे थांबायला हवे होते हे इंजिन न लावता आम्ही सांगून पाहू आणि मग ते तुमच्या वहीतल्या नोंदींशी ताडून बघता येईल.