रेनियम वाढवत नेणं ही निकेल सुपरअलॉयची चुकलेली वाट आहे का?

तप्तधातू (धागाकर्ता)
टर्बाइनची पाती ज्या निकेल सुपरअलॉयची, म्हणजे प्रखर उष्णतेतही ताकद टिकवणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूंची असतात, त्यांचा विषय निघाला की रेनियम या जड धातूचं कौतुक सुरू होतं. मला ते पटत नाही. उच्च तापमानाला निकेल तगून राहतं ते मुख्यतः ॲल्युमिनियममुळे, जोडीला टँटलम आणि टायटॅनियम. तीन निकेलला एक ॲल्युमिनियम अशा रचनेचे गॅमा प्राइमचे बारीक चौकोनी कण एकस्फटिकी (एकाच सलग स्फटिकाच्या) पात्याचा जवळपास 70 टक्के भाग व्यापतात. हे कण तापवले की मऊ पडायच्या ऐवजी साधारण 800 अंश सेल्सिअसपर्यंत अधिकच कणखर होतात. उष्णतेमुळे त्यांच्यातलं डिस्लोकेशन (स्फटिकातली सरकत जाणारी रेषेसारखी खोट) आपलं घसरण्याचं प्रतल सोडून शेजारच्या प्रतलावर थोडंसं चढतं आणि तिथेच अडकून बसतं. नुसत्या निकेलमध्ये असं काही घडत नाही.

एकस्फटिकी मिश्रधातूंच्या पहिल्या पिढीतल्या पीडब्ल्यूए 1480 मध्ये रेनियम अजिबात नव्हतं. दुसऱ्या पिढीत ते 3 टक्के आलं, तिसऱ्या पिढीत 5-6 टक्क्यांवर गेलं. ते सामावून घेण्यासाठी क्रोमियम 10 टक्क्यांवरून तिसऱ्या पिढीच्या सीएमएसएक्स-10 मध्ये 2 टक्क्यांवर आणलं. गंजापासून वाचवणारा घटकच काढून टाकला! वर रेनियमची घनता 21, निकेलची 8.9. फिरणाऱ्या पात्यावरचा ताण त्याच्या स्वतःच्याच वजनातून येतो, हे विसरून कसं चालेल?

स्फटिक
तीव्र असहमती. 800 अंशांपर्यंतचं तुमचं वर्णन बरोबर, पण त्यापुढे गॅमा प्राइमची ताकदही झपाट्याने उतरते आणि पात्याचा सगळ्यात तापलेला भाग त्यापुढेच काम करत असतो. 1100 अंश म्हणजे केल्विनमध्ये मोजलं तर शुद्ध निकेलच्या वितळणबिंदूच्या सुमारे 80 टक्के. तिथे प्रश्न क्रीपचा, म्हणजे सततच्या भाराखाली धातू हळूहळू लांबत जाण्याचा असतो, आणि क्रीपचा वेग अणू किती लवकर जागा बदलतात यावर ठरतो. रेनियमचे अणू निकेलमध्ये अतिशय हळू सरकतात आणि बहुतेक गॅमा प्राइमच्या बाहेर, मधल्या पट्ट्यांमध्ये राहतात. डिस्लोकेशनला कणाला वळसा घालून वर चढायचं असतं ते तिथूनच. 3 टक्के रेनियमने तेवढाच भार, तेवढंच आयुष्य ठेवून सुमारे 30 अंश जास्त तापमान पेलता आलं. या क्षेत्रात 30 अंश म्हणजे एक अख्खी पिढी.

ओतारी
ओतकामाच्या बाजूने माझं मत धागाकर्त्याकडे झुकतं. धातू गोठताना रेनियम आणि टंगस्टन आधी घट्ट होणाऱ्या डेंड्राइटच्या (फांद्यांसारख्या वाढणाऱ्या स्फटिकाच्या) गाभ्यात जाऊन बसतात. मधला उरलेला द्रव हलका होतो, वर चढू लागतो आणि पात्यावर वेगळ्या दिशेच्या बारीक स्फटिकांची साखळी उमटते. एकस्फटिकी पात्यात अशी साखळी दिसली की ते पातं बाद. टँटलम स्वतः जड असून द्रवातच राहतं, म्हणून ते इथे तारून नेतं. त्याचं श्रेय कुणी देत नाही.

पुढे 1300 अंशांच्या आसपास तासन्‌तास तापवूनही रेनियम गाभ्यातून पूर्ण पसरत नाही, कारण स्फटिक यांनी सांगितलेला तोच हळू सरकण्याचा गुण. मग बऱ्याच वापरानंतर नमुना घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर नेमक्या त्या गाभ्यात टीसीपीच्या (नको असलेल्या ठिसूळ स्फटिकरूपाच्या) लांब सुया दिसतात. ज्या रेनियम-टंगस्टनच्या जिवावर ताकद मिळवली, तेच या सुया आजूबाजूच्या धातूतून ओढून घेतात.

स्फटिक
म्हणून तर चौथ्या पिढीत रुथेनियम आलं. त्याने टीसीपीला आळा बसतो. आणि क्रोमियमबद्दल: 1000 अंशांच्या वर क्रोमियमचा ऑक्साइड बाष्प होऊन उडायला लागतो. तिथे ॲल्युमिनियमचा ऑक्साइडच टिकतो, शिवाय पात्यावर लेप असतोच.

तप्तधातू
अख्खं पातं 1100 अंशांवर नसतं. खालचा भाग 700 ते 900 च्या टप्प्यात असतो आणि सोडियम सल्फेटचा थर धातू खातो तो तिथेच. आयएन738 या निकेल मिश्रधातूत 16 टक्के क्रोमियम उगाच ठेवलेलं नाही. लेपाला तडा गेल्यावर उघडा पडतो तो खालचा मिश्रधातूच.

रेनियम शून्यावर आणा असं मी म्हणत नाही. 3 वरून 6 वर जाणं हा तोट्याचा सौदा होता, एवढंच म्हणतो. मॉलिब्डेनमचं खनिज भाजताना निघणाऱ्या वायूतून हाती लागणारा हा दुर्मिळ धातू. इंजिनं बनवणाऱ्या जीईने रेने एन515 या मिश्रधातूत तो 1.5 टक्क्यांवर आणला, तेही हा मिश्रधातू 3 टक्के रेनियमच्या एन5 च्या जागी वापरता यावा म्हणून. मॉलिब्डेनम-टंगस्टनचा समतोल नीट साधला तर बरंच भागतं.

मध्यमताप
तापमान न सांगता हा वाद घालू नका. इन्कोनेल 718 या निकेल मिश्रधातूची ताकद सुमारे 5 टक्के नायोबियममुळे तयार होणाऱ्या गॅमा डबल प्राइम कणांवर उभी आहे. 650 अंशांच्या वर फार काळ ठेवलं की त्यांचं डेल्टा या ताकद न देणाऱ्या स्फटिकरूपात रूपांतर होतं आणि ताकद जाते. तरी पाती जिच्यावर बसवतात त्या टर्बाइनच्या चकतीसाठी हा मिश्रधातू अजून हवाच असतो, कारण चकती पात्याइतकी तापत नाही.

स्फटिक
मान्य, आणि म्हणूनच मी 1100 अंशांचाच आकडा धरून बसलोय. 950 ला 1.5 टक्के पुरेल. पण टंगस्टन वाढवून रेनियमची भरपाई करायला गेलात तर घनता तशीच राहते, सुया तशाच येतात आणि अणू पुन्हा रेनियमपेक्षा वेगाने सरकतात. पात्याच्या वरच्या अर्ध्या भागासाठी तुमच्याकडे दुसरा कोणता घटक आहे, ते सांगा.