शब्दचर्चा: ‘एम्बार्गो’ म्हणजे निर्बंध, नाकेबंदी की व्यापारबंदी?

प्रश्न

क्यूबावरच्या एका लेखाचा अनुवाद हातात आहे. ओबामांचं क्यूबा-धोरण आणि त्यावरून त्यांचं अमेरिकी काँग्रेसशी वाजलं, तो विषय. ‘एम्बार्गो’ पानोपानी येतो. मराठी वर्तमानपत्रांत त्याला निर्बंध, नाकेबंदी, आर्थिक कोंडी, बहिष्कार असं काहीही म्हटलेलं दिसतं. एकच शब्द शेवटपर्यंत वापरायचा तर कोणता? माझं पहिलं वाक्य सध्या असं आहे: ‘डिसेंबर २०१४ मध्ये ओबामांनी क्यूबावरील निर्बंध उठवले.’

प्रतिसाद

नामाचं नंतर बघू, आधी ते क्रियापद काढा. ओबामांनी ते उठवलेले नाहीत, आणि तुमच्या लेखातलं सगळं भांडणच ‘उठवण्या’वरून आहे.

१९६० मध्ये आयझेनहॉवर यांनी अन्न आणि औषधं वगळता क्यूबाला जाणारा बहुतेक माल थांबवला. फेब्रुवारी १९६२ मध्ये केनेडींनी व्यापार जवळपास पूर्णच बंद केला. इथपर्यंत ही अध्यक्षांनी घातलेली बंदी होती. त्यांच्या जागी येणाऱ्याला ती उठवताही आली असती. मग २४ फेब्रुवारी १९९६ रोजी क्यूबाच्या लढाऊ विमानांनी मायामीतल्या क्यूबन निर्वासितांच्या संघटनेची दोन छोटी विमानं पाडली. चार माणसं गेली. त्या संतापात हेल्म्स-बर्टन विधेयक मार्गी लागलं. क्लिंटन यांचा आधी त्याला विरोध होता, पण १२ मार्चला सही त्यांनीच केली. तोवर लागू असलेले बंदीचे सगळे नियम या कायद्यानं पक्के केले आणि ती कधी संपेल याच्या अटीही घातल्या: राजकीय कैदी सुटले पाहिजेत, निवडणुकांकडे नेणारं सरकार आलं पाहिजे, आणि त्यात फिडेल किंवा राऊल कास्त्रो नकोत. कुलूप अध्यक्षांनी लावलेलं, पण किल्ली तेव्हापासून काँग्रेसच्या कमरेला.

म्हणून ओबामांनी केलं ते एवढंच: राजनैतिक संबंध पुन्हा जोडले आणि प्रवास, पैसे पाठवणं, बँकव्यवहार यांवरचे नियम सैल केले. नियमांमध्येच परवाने देण्याचा अधिकार वित्त खात्याकडे होता; तो जेवढा ताणता आला तेवढा ताणला. पर्यटन मात्र त्यांना खुलं करता आलं नाही, कारण तेही २००० सालच्या एका कायद्यानं बंद होतं. जानेवारी २०१५ च्या भाषणात त्यांनी काँग्रेसलाच सांगितलं की ही बंदी संपवायचं काम हाती घ्या. दोन्ही सभागृहांत रिपब्लिकनांचं बहुमत होतं. काही झालं नाही. अर्थात हा निव्वळ पक्षांचा वाद समजू नका. ओबामांच्याच पक्षाचे सिनेटर मेनेंडेझ विरोधात उभे राहिले आणि रिपब्लिकन सिनेटर फ्लेक बाजूने.

तेव्हा तिथे ‘शिथिल केली’ म्हणा. ‘उठवावी अशी मागणी केली’ हेही बरोबर. आणखी एक क्रियापद लागेल: ‘स्थगित ठेवणे’. हेल्म्स-बर्टनच्या तिसऱ्या प्रकरणानुसार, क्रांतीनंतर जप्त झालेल्या मालमत्तेचा जे वापर करतात त्यांच्यावर अमेरिकी न्यायालयांत दावा लावता येतो. क्लिंटन, धाकटे बुश, ओबामा, तिघांनीही दर सहा महिन्यांनी हे प्रकरण स्थगित ठेवलं. ट्रम्प यांनी मे २०१९ पासून ते लागू होऊ दिलं. इथे ‘रद्द’ लिहिलंत तर अर्थ उलटा होईल.

आता नाम. मी ‘व्यापारबंदी’ला मत देईन. ‘निर्बंध’ एखाद्या बँकेवर किंवा एकट्या लष्करी अधिकाऱ्यावरही असू शकतात. आणि ‘व्यापारबंदीचे समर्थक’, ‘व्यापारबंदीविरोधी खासदार’ असं तोंडात सहज बसतं.

प्रतिसाद

‘व्यापारबंदी’ हा वॉशिंग्टनच्या बाजूचा शब्द झाला. क्यूबाचं सरकार ‘एम्बार्गो’ म्हणत नाही, हा शब्द मूळचा स्पॅनिश असूनही. ते ‘ब्लोकेओ’ म्हणतं, म्हणजे आपली नाकेबंदी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९९२ पासून जो ठराव येतो त्याच्या इंग्रजी शीर्षकात ‘एम्बार्गो’ आहे, पण स्पॅनिश शीर्षकात ‘ब्लोकेओ’. एकाच ठरावात दोन्ही पक्षांची सोय! भारत ठरावाच्या बाजूने मत देत आला आहे. २०१६ मध्ये १९१ विरुद्ध शून्य असा निकाल लागला; अमेरिका आणि इस्रायल तटस्थ. म्हणजे ज्या बंदीचा कायदा अमेरिकी काँग्रेसनं केला, तिचा निषेध होत असताना अध्यक्षांच्या प्रतिनिधीनं विरोधात मतही दिलं नाही. त्यावर खासदार खवळणारच.

प्रतिसाद

मुद्दा मान्य, म्हणून क्यूबन माणसाच्या तोंडी ‘नाकेबंदी’च ठेवा. लेखकाच्या निवेदनात नको. नाकेबंदी म्हणजे तिऱ्हाइताचंही जहाज अडवणं. आंतरराष्ट्रीय कायद्यात ते युद्धाचं कृत्य ठरतं. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्षेपणास्त्रांच्या पेचात केनेडींनी आरमार खरोखरच क्यूबाभोवती उभं केलं, तेव्हा त्यांनीही तो शब्द टाळून ‘क्वारंटाइन’ म्हटलं. त्याला तुमच्या अनुवादात ‘विलगीकरण’ करू नका, कृपा करून. करोनानंतर तो शब्द वाचला की हातावरचा शिक्काच आठवतो.

प्रतिसाद

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे १९५५ पासून भारत सरकारने पोर्तुगिजांविरुद्ध जे केलं त्याला मराठीत ‘आर्थिक नाकेबंदी’ असंच म्हटलं जातं आणि ते शब्दशः खरं आहे. सरहद्दीवरचे नाके बंद, रेल्वे बंद, सावंतवाडी-कारवारकडून येणारा भाजीपाला बंद. समुद्र मात्र खुला होता. मुरगाव बंदरातून लोहखनिज जात होतं आणि रोजच्या वापराच्या वस्तू बोटींनी परदेशांतून येत होत्या. म्हणजे ‘आर्थिक’ हे विशेषण जोडलं की ‘नाकेबंदी’ युद्धाशिवायही चालते, निदान आमच्या कानांना.

प्रतिसाद

हा अर्थ बरोबर. मुंबईकरांसाठी मात्र नाकाबंदी म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्रीचे पोलीस.

‘निर्यातबंदी’ कुणीच सुचवला नाही म्हणून सांगतो. क्यूबाला तो अपुरा आहे, पण अमेरिकेचे अध्यक्ष जेफरसन यांच्या १८०७ च्या एम्बार्गोला अगदी फिट्ट बसतो. ब्रिटन-फ्रान्सला धडा शिकवायला त्यांनी आपलीच जहाजं आपल्याच बंदरांत अडकवून ठेवली. न्यू इंग्लंडचे व्यापारी बुडाले, तस्करी फोफावली, आणि लोकांनी इंग्रजी अक्षरं उलटी करून ‘ओ ग्रॅब मी’ (‘अरे, मला पकड’) असं बंदीचं नाव पाडलं. एका व्यंगचित्रात तर ही बंदी कासव होऊन माल नेणाऱ्याला मागून चावतेय! त्यांच्याच पक्षाचे खासदार फुटले. १ मार्च १८०९ रोजी, पद सोडायच्या तीन दिवस आधी, जेफरसनना ती बंदी संपवणाऱ्या कायद्यावर सही करावी लागली. लासलगावच्या कांदेवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. ‘व्यापारबंदी’ आणि ‘शिथिल’ घेतले, क्यूबन माणसांच्या अवतरणांत ‘नाकेबंदी’. दोन शंका उरल्या. नुसतं ‘काँग्रेस’ लिहिलं तर आपला वाचक १०, जनपथवर पोहोचतो. आणि लेखात १९८६ च्या दक्षिण आफ्रिकेचा दाखला आहे. तिथल्या वर्णद्वेषी राजवटीवर निर्बंध घालणाऱ्या विधेयकावरचा रेगन यांचा नकाराधिकार काँग्रेसनं ‘फेटाळला’ म्हणायचं का?

प्रतिसाद

पहिल्यांदा ‘अमेरिकी काँग्रेस’, पुढे ‘कायदेमंडळ’. मतदानाचा तपशील आला की ‘प्रतिनिधीगृह’ आणि ‘सिनेट’ वेगळे लिहा.

‘फेटाळला’ नको. अर्ज फेटाळतात, मागणी फेटाळतात. इथे अध्यक्षांनी परत पाठवलेलं विधेयक दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांशांहून जास्त मतांनी पुन्हा मंजूर केलं: प्रतिनिधीगृहात ३१३ विरुद्ध ८३, सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २१. ‘नकाराधिकार निष्प्रभ ठरवून कायदा केला’ असं लिहा. जागा असेल तर हेही सांगा की इथे बाजू क्यूबाच्या उलट होत्या, अध्यक्षांना संबंध ठेवायचे होते आणि खासदारांना तोडायचे. आणि या ठिकाणी तुमचा ‘निर्बंध’ हा शब्दच बरोबर आहे. कोळसा, पोलाद, युरेनियम, नवी गुंतवणूक, त्यांच्या विमानांना उतरायची परवानगी, असं बरंच काही बंद झालं, तरी सगळा व्यापार थांबला नव्हता.