आईबाबांचा मोबाईल आणि आपण: काय जमलं, काय फसलं?

सायलीचा_वेल

परवा रात्री साडेदहाला बाबांचा फोन. "अगं, माझं व्हॉट्सॲप गेलं." म्हटलं, कुठे गेलं? तर बोट लागून ते हिरवं चिन्ह पुढच्या पानावर सरकलं होतं. मी पुण्यात, ते साताऱ्यात. "डावीकडे सरकवा" म्हटलं की बाबा अख्खा फोनच टेबलावर डावीकडे सरकवायचे. पंचवीस मिनिटं हे चाललं. शेवटी आईने शेजारच्या नववीतल्या मुलाला हाक मारली, त्याने चार सेकंदांत काढून दिलं. बाबा मला म्हणाले, "बघ, तो ओरडला नाही."

ते ऐकल्यापासून डोक्यात आहे, म्हणून हा धागा. आईवडील, सासूसासरे, मामा, आजी, जे कोणी असतील त्यांच्या फोनपायी तुम्ही काय केलंत, ते लिहा. सुटलेलं लिहा आणि फसलेलंही लिहा. फोन, बँक, पेन्शन, काहीही चालेल. उपदेश मात्र नको, तो व्हॉट्सॲपवर पुरेसा येतो.

सुरुवात माझ्यापासून. मी बाबांना शंभर पानी वहीत सगळं लिहून दिलं होतं, सुवाच्य अक्षरात, लाल पेनाने अधोरेखित करून. त्यांनी ती वही एकदाही उघडली नाही. मग दिवाळीत त्यांच्याच हातात पेन दिलं आणि त्यांना सुचेल तसं लिहायला सांगितलं. आता ती वही फोनच्या खालीच असते. उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांना त्यांनी "मुंग्या" लिहिलंय. "मुंग्या दाबणे, मग खाली जाणे." फोनवर मीही आता मुंग्याच म्हणते.

तिखटजाळ

अमरावतीहून आईचा ठरलेला फोन, दर दोन महिन्यांनी: "जागा संपली म्हणते हा." मी दरवेळी गॅलरीतून फोटो उडवायचो आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग एकदा व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये "स्टोरेज अँड डेटा", त्यात "मॅनेज स्टोरेज" उघडलं. तिथे कोणत्या गटाने किती जागा खाल्ली याची उतरती यादीच असते. एका मावसगटाने एकट्याने नऊ जीबी खाल्लेले बापा! गुलाबाची फुलं, वाफाळता चहा, सुविचार. वेचून उडवलं आणि आपोआप डाउनलोड बंद केलं.

दुसऱ्या दिवशी आई चिडली. "सगळे फोटो अंधुक दिसतात, तू काय करून ठेवलंस?" डाउनलोड बंद केलं की फोटोवर बाणाचं चिन्ह येतं, ते दाबल्याशिवाय फोटो स्पष्ट होत नाही, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. आता तडजोड अशी की फोटो आपोआप उतरतात, व्हिडिओ नाही.

वाळवणाची_खाट

पेन्शनवाल्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण यावर मी तीन वर्षांचे नोव्हेंबर घालवलेत.

आईला केंद्र सरकारची कुटुंब पेन्शन आहे. हयातीचा दाखला द्यायला दर नोव्हेंबरात बँकेत जायचो. तिथल्या यंत्रावर तिचा अंगठा उमटायचाच नाही. आयुष्यभर धुणीभांडी केलेल्या हातांच्या रेषा झिजतात. खोबरेल लाव, हात धू, पुन्हा दाब. मागे रांग, आणि आईचा चेहरा असा की चोरी पकडली गेलीय.

२०२१पासून चेहरा दाखवूनही दाखला काढता येतो. त्यासाठी दोन ॲप लागतात: एक "आधार फेस आरडी", दुसरं "जीवन प्रमाण". पहिल्यांदा फोन हाताळणाऱ्याने, म्हणजे मी, माझ्या आधारने ओळख पटवायची, मग आईची माहिती. आधार क्रमांक, पीपीओ (म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक आणि पेन्शन जमा होते तो खाते क्रमांक शेजारी कागदावर लिहून ठेवा, ऐनवेळी शोधाशोध नको. चेहऱ्याचा उजेड समोरून पाहिजे. पाठीमागे खिडकी असेल तर ते ॲप काही घेत नाही. चष्मा काढायचा आणि सांगितलं की डोळ्यांची उघडझाप करायची. आई पहिल्या वेळी डोळे घट्ट मिटून बसली, फोटो काढताना हलायचं नसतं म्हणून.

माझी चूक: प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा नंबर, आला म्हणजे काम झालं असं धरून चालले. पीपीओचा एक आकडा चुकला होता, दाखला नामंजूर झाला आणि ते जानेवारीत कळलं, पेन्शन थांबली तेव्हा. आता आठवड्याभराने पोर्टलवर जाऊन मंजूर दाखवतंय का, ते बघतेच.

ज्यांना हे झेपत नाही त्यांच्याकडे पोस्टमन घरी येऊनही करून देतो. आमच्या काकूंकडे आला होता, सत्तर रुपये घेतले. ऐंशीच्या पुढच्या केंद्रीय पेन्शनरांना एक ऑक्टोबरपासूनच देता येतो, म्हणजे नोव्हेंबरची गर्दी टळते. ईपीएस-९५ वाल्यांना, म्हणजे पीएफ कार्यालयाकडून पेन्शन घेणाऱ्यांना, नोव्हेंबरचं बंधन नाही. वर्षात कधीही द्या, तिथून वर्षभर चालतो.

सायलीचा_वेल

@वाळवणाची_खाट, खिडकीचं वाचून बाबांना लगेच फोन केला. मागच्या वर्षी आम्ही नेमके खिडकीला पाठ करून तासभर बसलो होतो.

दूरदेशी_खलबत्ता

मी न्यू जर्सीत, आईबाबा ठाण्यात. इकडची सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ, त्यामुळे मदतीची वेळ ठरलेली. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करता येते. मी आईला ते शिकवलं आणि स्वतःवर जाम खूश होते. तिचा स्क्रीन मला दिसायचा, "आता खाली, आता उजवीकडे" करत सगळं सुटायचं.

आता फसलेलं. एका संध्याकाळी तिला फोन आला: वीजबिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री साडेनऊला लाईन तोडणार. समोरचा गोड बोलत होता, काकू काकू करत. म्हणाला, व्हिडिओ कॉल करतो, तुमचा स्क्रीन दाखवा, मी नीट करून देतो. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. लेक रोज तेच तर करते! तिने स्क्रीन दाखवला. मग त्याने कार्डावरचे सोळा आकडे मागितले. कार्ड कपाटात, कपाटाची किल्ली बाबांच्या जानव्याला आणि बाबा झोपलेले. आई त्याला म्हणाली, "ते उठले की सांगते हो, दहा मिनिटांनी करा." त्याने दहा मिनिटांनी खरंच पुन्हा केला. तोवर बाबा उठले होते. पुढचं संभाषण इथे लिहिण्यासारखं नाही.

आमचे पैसे एका किल्लीमुळे वाचले. आता घरात नियम आहे: स्क्रीन फक्त मी फोन केला तरच दाखवायचा, आणि तेव्हाही बँकेचं ॲप उघडायचं नाही, मी सांगितलं तरी नाही.

काउंटर_नंबर_चार

बँकेत आहे, कुठल्या ते सोडा. वरचं वाचून लिहावंसं वाटलं.

पैसे गेले तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन. मग बँकेला. मुलाला, जावयाला, शेजाऱ्याला त्यानंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळवले जातात, वाटेत कुठे अडवता आले तर आले. तक्रार देताना यूपीआयच्या व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

माझ्या काउंटरवर येणारे काका-काकू बहुतेक दोन-तीन दिवसांनी येतात. कारण विचारलं तर "मुलगा रागावेल." रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकात आहे की ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या माथी, कळवल्यानंतरचं बँकेच्या. म्हणजे लपवलेला प्रत्येक तास आपल्या खिशातून जातो. घरात कोण किती ओरडतं यावर हा तास ठरतो, हे मी रोज बघते.

माझ्या स्वतःच्या सासऱ्यांसाठी काय केलंय ते सांगते. दोन खाती. पेन्शन आणि एफडी ज्या खात्यात, त्याला यूपीआय नाही, नेट बँकिंगही नाही. दुसऱ्या खात्यात चार-पाच हजार, तेवढंच फोनला जोडलेलं. ऑनलाईन एफडी मोडता येते हे कित्येकांना माहीतच नसतं, चोराला मात्र पक्कं माहीत असतं.

आणि यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना टाकायचा. पैसे मिळण्यासाठी कुठेच पिन लागत नाही.

उंबरठ्यावर

कुरिअरवाला म्हणून फोन येतो आणि "स्टार ४०१ स्टार" लावून एक नंबर डायल करा म्हणतो. करू नका. तुमचे कॉल त्या नंबरवर वळतात. केलं असेल तर ##००२# डायल करा, सगळं वळवलेलं रद्द होतं.

नाकासमोर_चालणारा

मी लिहितो ते बऱ्याच जणांना पटणार नाही. बाबांना लग्नपत्रिका म्हणून एपीके फाईल (दाबली की फोनमध्ये ॲप बसवणारी) आली, त्यांनी दाबली. नशिबाने इन्स्टॉल झाली नाही. मी त्याच दिवशी त्यांच्या फोनमधून यूपीआय काढून टाकलं. "रोख वापरा, मी आणून देतो." सुरक्षित, नाही का?

महिन्याभराने आई म्हणाली, हे संध्याकाळचे बाहेरच पडत नाहीत. आधी रोज मंडईत जायचे, दोन जुड्या मेथी घेऊन भाजीवालीशी गप्पा मारून यायचे. आता पैसे मागायला लागतात म्हणून जात नाहीत. मी म्हटलं, मागायचं काय त्यात? आई नुसती बघत राहिली.

मग यूपीआय सर्कल करून बघितलं. म्हणजे खातं माझं, वापरणार ते. बाबा म्हणाले, "तुझ्या पैशाची मेथी मी आणू?" विषय संपला. शेवटी @काउंटर_नंबर_चार यांच्यासारखं छोटं खातं आणि त्यावर यूपीआय लाइट. एका वेळी हजार रुपयांपर्यंत, पाकिटात जास्तीत जास्त पाच हजार, पिन लागत नाही. मेथी पुन्हा सुरू झाली, जरा जास्तच. काल पुन्हा तीन जुड्या.

म्हापशाचा_पाव

घरून काम करतो, म्हणजे घरच्यांच्या मते घरीच असतो. क्लायंटच्या कॉलमध्ये बाबा दारातून फोन पुढे करतात: "एवढं बघ रे." मी मान हलवून नाही म्हणायचो, ते रुसायचे. आता संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की आमचं खातं उघडतं. पाव, चहा आणि दिवसभराच्या तक्रारी, अर्धा तास. त्याआधी फक्त पैशाचं किंवा दवाखान्याचं काम असेल तर दार वाजवायचं. बाबा आता तक्रारी कॅलेंडरवर टिपून ठेवतात. संध्याकाळपर्यंत त्यातल्या निम्म्या आपोआप सुटलेल्या असतात.

करवंदी

आजी मालवणीत बोलून मेसेज लिहायला बघते. फोन त्याचं प्रमाण मराठी करायला जातो आणि जे निघतं ते देवालाच कळतं. तिला आता आवाजी निरोपच पाठवायला शिकवलंय. माइक दाबून धरायचा, बोलायचं, सोडायचं. तिचे निरोप चार-चार मिनिटांचे असतात आणि त्यात मागे कोंबडी.

ट्रंक_बुकिंग

वय ७१. तुमच्या धाग्यातली "आई" मीच समजा.

मी टेलिफोन खात्यात होते, ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडायला. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, पी.पी. कॉल, सगळं जोडलंय. कानाला हेडसेट, समोर वायरींचं जाळं. आम्ही फोनला घाबरतो असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. बोर्डावर चुकीच्या भोकात प्लग गेला तर उपसून काढायचा, झालं. या काचेच्या फोनवर चुकीचं दाबलं तर काय उपसायचं? मी कुठून आले आणि परत कसं जायचं, तेच दिसत नाही. भीती त्याची आहे.

माझा मुलगा फोन हातातून घेतो, टकटक करतो, "झालं" म्हणून परत देतो. मी तेवढ्यात त्याच्या अंगठ्याचं नख तेवढं बघितलेलं असतं.

नातीने वेगळं केलं. तिने आधी काहीच शिकवलं नाही, फक्त परत यायला शिकवलं. नव्या फोनला खाली बटणंच नसतात, कडेवरून बोट ओढायचं असतं. ते माझ्या कोरड्या बोटांना जमत नाही. तिने सेटिंग्जमध्ये "नेव्हिगेशन" शोधून जुनी तीन बटणं परत आणली: त्रिकोण, गोल, चौकोन. अँड्रॉइड फोनला ते करता येतं. मग म्हणाली, "आजी, आता कुठेही जा, वाटेल ते दाब. हरवलीस की गोल." दुपारभर मी मुद्दाम हरवत होते.

तिखटजाळ

काकू, साष्टांग. आजच आईच्या फोनला तीन बटणं लावतो.

नाकासमोर_चालणारा

आयफोनला असं काही आहे का? सासूबाईंना लेकाने परदेशातून पाठवलाय.

दूरदेशी_खलबत्ता

तीन बटणांचं नाही. पण सेटिंग्जमध्ये "ॲक्सेसिबिलिटी", मग "टच", मग "असिस्टिव्ह टच" सुरू करा. स्क्रीनवर एक गोल बटण तरंगत राहतं, दाबलं की त्यात "होम" असतं. माझ्या बाबांना तो गोल आधी डाग वाटला, दोन दिवस पुसत होते.

सायलीचा_वेल

रविवारी साताऱ्याला जाऊन आले. तीन बटणं लावली. या वेळी फोन हातात घेतला नाही, हात मांडीखाली दाबून बसले, खरंच सांगते. सेटिंग्जपर्यंत पोचायला बाबांना अकरा मिनिटं लागली, दोनदा चुकून कॅमेरा उघडला, माझा तोंड वाकडं केलेला एक फोटोही निघाला. मग त्यांनी वही ओढली आणि मुंग्यांच्या खाली लिहिलं: "चुकल्यास त्रिकोण. फारच चुकल्यास गोल."

पेनाचं टोपण लावता लावता थांबले.

"मग हा चौकोन कशाला दिलाय?"